बाईकच्या पेट्रोल लाइनला क्विक-रिलीज कनेक्टर लावायचाय? आधी क्रम समजून घ्या, मग ब्लेड उचला

टाकी सारखी उचलावी लागते, दरवेळी तीच घट्ट बसलेली पेट्रोलची होज म्हणजे नळी ओढायची, निप्पल (होज ज्याच्यावर चढते ते छोटं नळकांडं) तुटायची भीती, कोपरापर्यंत पेट्रोल, म्हणून लोक ऑनलाइन क्विक-रिलीज कनेक्टर, म्हणजे बटण दाबलं की दोन भागांत सुटणारा जोड, मागवतात, आहे ती होज मधोमध कापतात, दोन्ही टोकं कनेक्टरवर खुपसतात आणि झालं म्हणतात. मग आठवड्याभरात पार्किंगमध्ये वास यायला लागतो आणि शिव्या कनेक्टरला. बहुतेक वेळा कनेक्टर ठणठणीत असतो, गळत असतं ते त्याच्या दोन टोकांना, जिथे होज निप्पलवर चढते तिथे, कारण होज चुकीच्या मापाची, क्लिप चुकीची, नाहीतर चढवायचा क्रम चुकलेला. त्यामुळे खाली कनेक्टरपेक्षा होज, क्लिप आणि क्रम यावरच जास्त लिहिलंय.

बाईक वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. पेट्रोल लाइन कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटरला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

१. आधी बघा, तुमच्या बाईकला काय आहे

टाकी उचलून खाली बघा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बाईक जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच बाईकना पंपाच्या तोंडाशी कंपनीचाच प्लॅस्टिकचा क्विक कनेक्टर असतो, दोन बाजूंना दाबायची बटणं किंवा कानं असलेला. तो असेल तर नवीन काही लावायची गरजच नाही, तो नीट काढायला शिका. आधी कनेक्टर निप्पलकडे आत ढकलायचा, मग कानं दाबायची, आणि दाबूनच सरळ बाहेर ओढायचा. लोक नुसती कानं दाबून ओढत बसतात, आत धूळ बसलेली असते, तो हलत नाही, मग स्क्रूड्रायव्हर घालतात आणि कान मोडतो. हवा मारून धूळ काढा, मग परत प्रयत्न करा.

कंपनीची लाइन काळ्या कडक नायलॉनची असेल तर ती कापून तिच्यावर रबरी होज चढवून कनेक्टर बसवायचा विचार पूर्ण सोडून द्या. नायलॉनच्या गुळगुळीत नळीवर क्लिप धरत नाही, दाब आला की होज सरकते.

म्हणजे हा लेख कोणासाठी उरला? कार्बोरेटरवाल्या जुन्या बाईक, आणि ज्यांच्यात टाकीपासून इंजेक्टरपर्यंत खरी रबरी होज आहे अशा इंजेक्शनच्या बाईक.

दोघांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. कार्बोरेटरच्या बाईकला टाकी फुटभर वर असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, दाब साधारण ०.०२ बार. इंजेक्शनच्या बाईकला पंप साधारण ३ ते ३.५ बार दाब देतो. दीडशे पट फरक आहे हा. कार्बोरेटरच्या बाईकला गळती झाली तर थेंब पडतो, इंजेक्शनच्या बाईकला फवारा उडतो, तो पण गरम सिलिंडरवर. म्हणून "मित्राच्या बाईकला हेच लावलंय, चालतंय" हे कारण ऐकू नका, मित्राची बाईक कुठली ते विचारा.

लाइन किती आहेत तेही मोजा. हल्लीच्या बऱ्याच बाईकना एकच लाइन असते. काही जुन्या इंजेक्शनच्या बाईकना दोन असतात, एक जाणारी आणि एक परतीची. परतीच्या लाइनचं वेगळं प्रकरण आहे, ते पायरी ५ मध्ये.

२. खरेदी: दुकानात काय मागायचं आणि काय आणायचंच नाही

आधी व्हर्नियर घेऊन निप्पलचा बाहेरचा व्यास मोजा, टाकीकडचा पण आणि इंजिनकडचा पण, दोन्ही सारखेच असतील असं धरून चालू नका. कनेक्टर बहुतेक पाव इंचाचे म्हणजे ६.३५ मिमी, आणि पाच सोळांश इंचाचे म्हणजे ७.९ मिमी मिळतात, विकणारे त्यांनाच बिनधास्त ६ आणि ८ म्हणतात. ८ ला ७.९ चालून जातं. पण ८ च्या निप्पलवर ६ ची होज ताणून चढवली की ती काही महिन्यांत टोकाला तडकते, आणि ६ च्या निप्पलवर ८ ची होज क्लिपने आवळली की तिला आत घडी पडते आणि घडीतून पेट्रोल झिरपतं.

कनेक्टर घेताना चार गोष्टी बघा:

बॉडी धातूची, म्हणजे पितळेवर क्रोम किंवा स्टील. प्लॅस्टिकचे स्वस्त पडतात पण इंजिनच्या उष्णतेत काही वर्षांत ठिसूळ होतात आणि ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून आत असलेली रबरी रिंग) बसते त्या खाचेपाशीच चिरतात. कार्बोरेटरच्या बाईकला एक वेळ चालेल, इंजेक्शनला नको.

ओ-रिंग विटॉनची, म्हणजे एफकेएम रबराची. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यात साधं रबर फुगतं किंवा कडक होतं. पाकिटावर काही लिहिलं नसेल तर साधी रिंग आहे असंच समजा आणि दोन विटॉनच्या रिंगा वेगळ्या आणा, दहा-वीस रुपयांचा माल आहे.

व्हॉल्व्ह दोन्ही अर्ध्या भागांत. सोडल्यावर टाकीकडची बाजू पण बंद आणि इंजिनकडची पण बंद.

दाबाचा आकडा लिहिलेला. इंजेक्शनसाठी किमान ७ बार बघा, पंपाच्या दुप्पट.

आता जे आणायचं नाही ते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, नवी मुंबईत रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसरच्या फिटिंगची दुकानं आहेत, तिथे अगदी असाच दिसणारा हवेचा कपलर निम्म्या किमतीत मिळतो, आणि काउंटरवरचा माणूस "साहेब, सेम आहे" म्हणून देतो पण. सेम नाहीये. हवेच्या कपलरमध्ये बहुतेक वेळा व्हॉल्व्ह फक्त एका बाजूला असतो, दुसरी बाजू नुसती पोकळ नळी. ती पोकळ बाजू टाकीकडे आली आणि तुम्ही कपलर सोडला की अख्खी टाकी तुमच्या पायावर. शिवाय आतलं सील हवेसाठीचं. त्याच दुकानात मिळणारी निळी पीयू (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकची) नळी पण नको, ती पेट्रोलमध्ये मऊ पडून फुगते.

दुकानात होज-फिटिंगवाल्याला विचारायचं असेल तर "पेट्रोलसाठी, इंजेक्शन लाइनसाठी" असं स्पष्ट सांगा आणि होजवरची छपाई वाचा. इंजेक्शनला एसएई जे-३० आर-९ लिहिलेली होज लागते, कार्बोरेटरला आर-७ पुरते. होजवर काहीच छापलेलं नसेल तर ती कितीही जाड असू दे, परत ठेवा. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारी लाल-निळी सिलिकॉन होज दिसायला झकास असते, पण सिलिकॉनमधून पेट्रोल आरपार पाझरतं, ती कूलंटसाठी असते. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी तर बोलायलाच नको, कार्बोरेटरवाले अजूनही लावतात, दोन-चार महिन्यांत पिवळी पडून लाकडासारखी होते.

क्लिपा: साधी जुबली क्लिप, जिच्या पट्टीला खाचा आरपार कापलेल्या असतात, ती इंजेक्शन होजला लावू नका, आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. इंजेक्शन क्लिप वेगळी मिळते, आतून पट्टी गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या, एक बोल्ट. होजचा बाहेरचा व्यास मोजून तेवढ्याच मापाची घ्या, मोठी घेऊन जास्त आवळायची म्हटली तर ती गोल न राहता अंडाकृती होते. कार्बोरेटरच्या पातळ होजला स्प्रिंगची क्लिप पुरते.

तपासा: टेबलावर मांडा, एक कनेक्टर, नवी होज लागेल त्यापेक्षा फुटभर जास्त, क्लिपा चार आणि दोन जास्तीच्या, ओ-रिंगा दोन. यातलं काही राहिलं असेल तर काम सुरू करू नका. अर्धी उघडलेली पेट्रोल लाइन ठेवून दुकानात पळायची वेळ येते ती इथेच.

३. जागा आणि तयारी

बेसमेंटमध्ये हे काम करायचं नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना हे जड जाईल, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते, उतारावरून खाली जाते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीला पेटू शकते. बेसमेंटमध्ये पाण्याचे पंप असतात, लिफ्टचं पॅनेल असतं, जनरेटर असतो, कधी कोण चालू होईल सांगता येत नाही. स्टिल्ट पार्किंग तिन्ही बाजूंनी उघडं असेल तर चालेल, सगळ्यात बरं म्हणजे गेटजवळची मोकळी जागा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. वॉचमनला आधी सांगून ठेवा की तासभर इथे बिडी नको, कुणाला उभं राहू देऊ नको, आणि संध्याकाळी करणार असाल तर कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती पण बघून घ्या, हे खरंच लक्षात राहत नाही कुणाच्या.

बाईक पूर्ण गार हवी. रात्रभर उभी असलेली उत्तम. टाकी रिझर्व्हला आलेली असताना करा, भरलेली टाकी म्हणजे दहा-बारा किलो जास्तीचं वजन आणि चुकलं तर तेवढंच जास्त पेट्रोल जमिनीवर.

जवळ ठेवायचं: एबीसी पावडरचा छोटा अग्निशामक, कोरड्या वाळूची बादली, सुती फडकी भरपूर, धातूचं पसरट भांडं, नायट्राइलचे हातमोजे, नवीन ब्लेड. पाण्याची बादली आग विझवायला ठेवू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरायचं नाही.

आता बॅटरी आणि दाब, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. इंजेक्शनची बाईक असेल तर आधी दाब काढा, मग बॅटरी सोडा. उलटं केलंत तर दाब लाइनमध्येच अडकून राहतो. टाकीखालचा पंपाचा वायरिंग कनेक्टर काढायचा, बाईक स्टार्ट करायची, लाइनमधलं पेट्रोल संपलं की ती स्वतःच बंद पडेल, अजून दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि बाजूला बांधून ठेवा. सेल्फ मारल्यामुळे इंजिन जरा कोमट झालं असेल, अर्धा तास थांबा. डॅशबोर्डवर चेक लाइट लागली तर घाबरू नका, पंपाची वायर काढल्यामुळे लागते. काही बाईकना टाकी उचलल्याशिवाय त्या वायरपर्यंत हात जात नाही, तिथे फ्यूज काढतात, पण तो फ्यूज बऱ्याचदा सगळ्याच इंजेक्शन सिस्टिमचा एकत्र असतो आणि काढल्यावर बाईक स्टार्टच होत नाही, मग दाब तसाच राहतो. तेव्हा फ्यूज फक्त पंपाचाच आहे ना ते मॅन्युअलमध्ये बघा.

कार्बोरेटरवाल्यांनी आधी पायरी ८ मधलं ३० सेकंदांचं माप घेऊन ठेवायचं, मग पेट्रोल कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करायची. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर त्याला बऱ्याचदा "बंद" नसतं, "ऑन" वर ठेवलं की इंजिन बंद असताना पेट्रोल येत नाही. "प्राइम" वर मात्र ठेवू नका, त्यात ते वाहतच राहतं.

थांबा: दाब काढला तरी होज पहिल्यांदा सोडताना तिच्याभोवती फडकं गुंडाळा आणि तोंड बाजूला ठेवा. चष्मा घाला.

४. कापण्याआधी जागा ठरवा, टाकी बसवलेली असताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक टाकी उचलून, होज सरळ ताणून, कनेक्टर कुठे छान बसेल ते बघतात. टाकी खाली बसली की तीच होज वळते, कनेक्टर कडक असल्यामुळे तो वळत नाही, आणि मग तो फ्रेमवर टेकतो नाहीतर होजला त्याच्या शेजारी घडी पडते. कार्बोरेटरच्या बाईकला घडी पडली की पेट्रोल कमी येतं, बाईक हळू चालवताना काही कळत नाही, जरा ताणली की आचके देते.

म्हणून टाकी जागेवर ठेवा, टॉर्च मारून आत बघा आणि होजचा असा सरळ तुकडा शोधा जो सिलिंडर हेडपासून आणि सायलेन्सरच्या पाईपपासून दूर आहे, इग्निशन कॉइल आणि प्लगच्या कॅपच्या बरोबर वर येत नाही (थेंब पडला तर तिथे नको), फ्रेमवर घासत नाही, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी कुठली वायर त्याला ओढत नाही. पांढऱ्या मार्करने खूण करा, फोटो काढून ठेवा. मग टाकी मागून जेवढी उचलता येते तेवढी उचला आणि बघा की त्या खुणेपर्यंत तुमचा हात जातोय का, अंगठ्याने बटण दाबायला जागा आहे का. हात पोचत नसेल तर कनेक्टर लावून उपयोग काय.

किती कापायचं? कनेक्टर जोडून टेबलावर ठेवा. दोन्ही टोकांना होज चढवल्यावर ती जिथे जाऊन थांबते ते खांदे असतात. त्या दोन खांद्यांमधलं अंतर मोजा. जुन्या होजच्या लांबीतून तेवढंच वजा करायचं, कनेक्टरची अख्खी लांबी नाही. निप्पलचा जो भाग होजच्या आत जातो तो लोक वजा करून बसतात आणि होज आखूड पडते. वजा करून उरलेल्या लांबीत मी अजून दोन सेंटिमीटर ढील धरतो, टाकी टेकवताना ती लागते.

जुनी होज कापून वापरायची नाही. नवी होज घ्या, जुनी मापासाठी शेजारी ठेवा.

५. कुठला भाग कुठे

एकच लाइन असेल तर बटण असलेला, म्हणजे बाहेरचा भाग, इंजिनच्या बाजूला ठेवा. तो जड असतो, टाकी उचलून बाजूला ठेवताना लोंबकळत राहिला की कुठेतरी आपटतो. व्हॉल्व्ह दोन्हीत असल्यामुळे तसं कुठूनही चालतं, पण मला हे बरं वाटतं.

दोन लाइन असतील तर एका लाइनला बटणाचा भाग इंजिनकडे आणि दुसऱ्या लाइनला तोच टाकीकडे, मुद्दाम उलटसुलट. मग घाईत सुद्धा जाणारी लाइन परतीच्या लाइनला जोडलीच जात नाही, बसतच नाही.

आणि परतीची लाइन जोडायला विसरलात तर? दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आहे, म्हणजे परतीचं पेट्रोल जायला वाट नाही. पंप चालू झाला की रेग्युलेटरच्या मागे दाब वाढत जातो, जिथे कच्चं असेल तिथून होज उडते. त्यामुळे चावी फिरवण्याआधी दोन्ही कनेक्टर हाताने ओढून बघायचे, ही सवय लावून घ्या.

थांबा: टाकीच्या ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर जायच्या) नळीला आणि बीएस-६ च्या चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याच्या) नळीला व्हॉल्व्हवाला कनेक्टर कधीच लावू नका. सोडल्यावर टाकी हवाबंद होते, उन्हात दाब चढतो. त्या नळ्या तशाच ओढून काढायच्या, त्यांना क्लिप पण हलकीच असते.

६. होज कापणे आणि चढवणे: जोर टेबलावर, बाईकवर नाही

होज नव्या ब्लेडने एका फटक्यात, काटकोनात कापा. पक्कड किंवा वायर कटरने कापली की ती चेपून कापली जाते, तोंड तिरकं होतं आणि आतले रबराचे बारीक तुकडे इंजेक्टरपर्यंत जातात. कापल्यावर हवा भरायच्या पंपाने आतून हवा मारा, तोंडाने फुंकू नका.

आता क्रम. आधी क्लिप होजवर सरकवा, मग होज निप्पलवर चढवा. हसू नका, बोल्टवाली क्लिप मागाहून उघडून नीट बसवता येत नाही आणि घट्ट चढलेली होज परत काढायची म्हणजे तिचं टोक फाटतं.

कनेक्टरचे दोन्ही भाग आणि होजचे दोन्ही तुकडे आधी टेबलावरच जोडून घ्या. ढकलायला जोर लागतो, तो इथे लावा. बाईकवर पंपाचं निप्पल बऱ्याच वेळा प्लॅस्टिकचं असतं, त्याच्यावर नवी कडक होज हिसके देऊन चढवली की ते मुळापासून तुटतं आणि मग अख्खं पंप युनिट बदला. बाईकवर फक्त होजची दुसरी टोकं चढवायची उरतात.

चढत नसेल तर होजचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, पुसून कोरडं करा, निप्पलला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावा आणि सरळ ढकला, थोडं फिरवत. लायटरने शेकायचं नाही. साबणाचं पाणी नको, सिलिकॉन स्प्रे नको, आणि निप्पलवर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील तर बिलकुल नको. टेपचे धागे सुटून इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात आणि महिन्याभराने तुम्ही इंजेक्टर क्लीनिंगला पैसे घालता.

होज खांद्यापर्यंत गेली पाहिजे. क्लिपची जागा बघा, निप्पलवर जो उंच कंगोरा असतो त्याच्या पलीकडे, म्हणजे कंगोरा आणि खांदा यांच्या मधे क्लिप यायला हवी. कंगोऱ्यावरच बसवली तर ती हळूहळू घसरून सैल होते. होजच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत. बोल्ट एवढाच आवळा की होज बोटाने फिरवता येत नाही आणि पट्टीच्या कडेने रबर किंचित फुगलेलं दिसतंय. त्यापुढे आवळून सुरक्षितता वाढत नाही, फक्त रबर कापलं जातं.

बाईकवरची जुनी होज ओढून काढू नका. आधी जागेवर गोल फिरवून चिकटलेलं सुटं करा. नाहीच निघाली तर ब्लेडने लांबीत चीर द्या, पण हलक्या हाताने. निप्पलवर ब्लेडचा ओरखडा उठला की त्या ओरखड्यातून कायम पाझरणार, तिथे कुठलीही क्लिप लावा.

तपासा: बाईकवर चढवण्याआधी प्रत्येक अर्ध्या भागाच्या होजमध्ये मोकळ्या जागेत थोडं पेट्रोल ओता, तोंड खाली करून पाच मिनिटं धातूच्या भांड्यावर धरा. व्हॉल्व्हमधून थेंब येत असेल तर कनेक्टर परत पाठवा. हे टेबलावर कळलेलं बरं.

७. बाईकवर बसवणे

इंजिनकडची बाजू आधी, मग टाकीकडची. उलट केलं तर टाकीचं वजन एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने क्लिप आवळत बसावं लागतं. सोबत कुणीतरी टाकी धरायला असेल तर उत्तम, पण तो माणूस फोनवर बोलणारा नको.

ओ-रिंगला ऑइलचा थेंब लावा, दोन्ही भाग सरळ रेषेत धरा आणि "टक्" आवाज येईपर्यंत ढकला. तिरकं ढकललं की रिंग खाचेतून बाहेर येऊन चेपते आणि आवाज मात्र येतो. म्हणून एकदा जोडून परत सोडा, रिंग बघा, कापलेली किंवा वर आलेली नाही ना, मग कायमचं जोडा. जोडल्यावर बटण न दाबता जोरात ओढा. सुटता कामा नये.

टाकी बसवा. पायरी ४ मध्ये काढलेल्या फोटोशी ताडून बघा. कनेक्टर फ्रेमला टेकत असेल तर जुन्या होजचा तुकडा उभा चिरून त्याच्यावर चढवा, पण घट्ट केबल टायने फ्रेमला बांधू नका, त्याला जरा हलायला जागा हवी.

८. गळती तपासणे, स्टार्ट न करता

पंपाची वायर जोडा, बॅटरी जोडा. इंजेक्शनवाल्यांनी चावी फक्त ऑन करायची, पंप दोन-तीन सेकंद घुंईई करून थांबेल. चावी बंद, परत ऑन. असं चार-पाच वेळा, म्हणजे लाइन भरून पूर्ण दाब येईल. आता कोरडा पांढरा टिश्यू घेऊन चारही क्लिपांभोवती आणि कनेक्टरच्या मधल्या जोडावर फिरवा. डोळ्याने बघू नका, पेट्रोल लगेच उडतं, दिसत नाही, टिश्यूला डाग मात्र पडतो आणि वास येतो.

टिश्यू कोरडा असेल तर स्टार्ट करा, दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, परत टिश्यू. मग इंजिन बंद करून अजून दहा मिनिटांनी परत एकदा, कारण बंद केल्यावर खालची उष्णता वर चढते आणि रबर तेव्हा सगळ्यात जास्त ढिलं पडतं.

कार्बोरेटरवाल्यांना दाबाची चिंता कमी, प्रवाहाची जास्त. व्हॉल्व्हवाला कनेक्टर थोडा तरी प्रवाह अडवतोच. कनेक्टर लावायच्या आधीच कार्बोरेटरकडची होज भांड्यात सोडून कॉक उघडा (व्हॅक्यूमचा असेल तर एवढ्यापुरता "प्राइम" वर), ३० सेकंदांत किती मिली पेट्रोल येतं ते मोजून लिहून ठेवा. लावल्यावर परत मोजा, टाकीत तेवढंच पेट्रोल असताना. थोडं कमी आलं तर ठीक, निम्मं झालं तर तो कनेक्टर तुमच्या बाईकला बारीक आहे, एक माप मोठा घ्या. टाकीचं झाकण घट्ट लावूनच मोजा, झाकणाचं भोक बुजलेलं असेल तर ते पण याच वेळी कळेल.

९. पहिली फेरी

पहिल्याच दिवशी माळशेजला निघू नका. आधी पाच-सात किलोमीटर, ठाणे-बेलापूर रोडवर एकसारख्या वेगाने, मग थांबून टिश्यू. कार्बोरेटरची बाईक एकसारख्या वेगात दोन-तीन मिनिटांनी गुदमरायला लागली आणि थांबून परत स्टार्ट केल्यावर नीट चालली तर तो प्रवाह कमी पडतोय, कार्बोरेटरचं ट्यूनिंग करत बसू नका.

खरी परीक्षा ट्रॅफिकमध्ये. गायमुखच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात, हवा लागत नाही, टाकीखाली सगळ्यात जास्त तापतं ते तिथेच. घरी आल्यावर लगेच टाकीखाली नाक घालून वास घ्या. वास आला तर आधी क्लिपा, मग ओ-रिंग, मग कनेक्टर, या क्रमाने शोधा.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर क्लिपांचे बोल्ट एकदा परत बघा, नवं रबर दबून बसतं आणि बोल्ट पाव वळसा तरी घेतो. नंतर पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर. आपल्याकडच्या दमट हवेत आणि चिखलात बटणाची स्प्रिंग गंजून अडकते, बटण दाबलेलंच राहिलं तर लॉक अर्धवट बसतो, त्यामुळे साफ करून हवा मारायची. ओ-रिंग मी दरवर्षी मे महिन्यात बदलतो, तपासत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.

कनेक्टर सोडताना दोन-चार थेंब पडतात, ते चालतं, फडकं धरा. थेंब थांबतच नसतील तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, लगेच परत जोडून टाका आणि टाकी रिकामी केल्याशिवाय पुन्हा सोडू नका.

आणि सीटखाली त्याच मापाचा एक सरळ पितळी जॉइंटर (दोन होज जोडायची साधी नळी), दोन क्लिपा आणि छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा. रस्त्यात कनेक्टरने दगा दिला तर बाईक पूर्ण गार होऊ द्या, इंजेक्शन असेल तर पायरी ३ सारखा दाब काढा, कनेक्टर काढून त्याच्या जागी जॉइंटर घाला आणि घरी या. होज दोन सेंटिमीटर ढिली ठेवलेली असते ती इथे पण कामाला येते, जॉइंटर कनेक्टरपेक्षा आखूड असतो.